शाळेसाठी जमलेले सहा लाख कुठे लावावेत?

पत्र

बाई, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शिक्षण बारावी. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, घरी दोन म्हशी आणि तीस गुंठे ऊस. आमची शाळा पहिली ते सातवी, पट १०४, शिक्षक चार. एक पद दोन वर्षं रिकामंच आहे.

यंदा शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. माजी विद्यार्थी, मुंबईकर मंडळ आणि दूध संस्था यांनी मिळून ६ लाख ४० हजार रुपये जमवले. आता ते कशावर घालायचे यावरून गावात रोज बोलणी चालू आहेत. सरपंचांना कमान आणि कंपाउंड पाहिजे, त्यावर देणगीदारांची नावं. तरुण पोरं म्हणतात दोन मोठे डिजिटल पॅनेल घ्या. मुख्याध्यापक म्हणतात शिष्यवृत्तीचे जादा तास लावू, शाळेचं नाव होईल.

माझी थोरली पाचवीत आहे. तिच्या वर्गात १७ मुलं आहेत, त्यातल्या सहा-सात जणांना मराठीचं पुस्तक वाचता येत नाही. मी हे बैठकीत बोलले, तर गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "पैशानं पोरं हुशार होत नसतात. घरचं वातावरण लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?" सगळे गप्प झाले. मीही गप्प बसले.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. पैशाने खरंच फरक पडतो का? पडत असेल तर कशावर घालावा? आणि जाऊबाईंनी त्यांचा मुलगा इंग्लिश मिडीयमला घातलाय, मीही लेकीला काढावं का?

एक अध्यक्षा, करवीर तालुका

उत्तर

ताई, आधी गुरुजींच्या वाक्याचं बघू. ग्रामसभेत तेच तुमच्या आडवं येणार आहे, आणि अशी वाक्यं ऐकायला खरी वाटतात.

या विचाराला मोठा आधार मिळाला तो १९६६ साली, अमेरिकेत. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सरकारसाठी सुमारे ४,००० शाळांतल्या सहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी केली. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, दर मुलामागचा खर्च यांतल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांशी जास्त संबंध दिसतो, असं त्यातून निघालं. मग शाळांवर खर्च करून फारसा उपयोग नाही, असा अर्थ लावणारे पुष्कळ निघाले आणि सरकारी खर्च कमी करायला तो अर्थ वापरलाही गेला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. शाळा सुधारली तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो सगळ्यात मागे राहिलेल्या घरांतल्या मुलांना.

पुढे २०१६ साली किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको या तीन अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न नीट लावून धरला. अमेरिकेत काही राज्यांत कोर्टाच्या निकालांमुळे शाळांचा निधी वाढला होता, काही ठिकाणी वाढला नव्हता. १९५५ ते १९८५ या काळात जन्मलेल्या मुलांचं मोठेपणी काय झालं, हे त्यांनी तपासलं. बारा वर्षं शाळेचा दर मुलामागचा खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला, तर ती मुलं सरासरी ०.३१ वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी जास्त होती. गरीब घरच्या मुलांत हा परिणाम बराच ठळक होता. तो पैसा गेला कुठे, तर वर्गातली गर्दी कमी करण्यात, शिक्षकांच्या पगारात आणि शाळेचे दिवस वाढवण्यात.

तेव्हा गुरुजींचं अर्धं म्हणणं मान्य करा. घरचं वातावरण लागतंच. ज्याच्या घरी संध्याकाळी कुणी पुस्तक उघडून बसतं, त्याचं शाळेत थोडं कमी-जास्त झालं तरी भागतं. ज्याचा बाप रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजायला जातो आणि आई पहाटे धारा काढायला उठते, त्या पोराला मात्र शिकायला शाळेशिवाय दुसरी जागा नाही. तुमच्या पाचवीतले ते सहा-सात जण याच घरांतले असणार. वातावरण नाही म्हणून त्यांच्यावर खर्च करू नये, असं म्हणणं म्हणजे त्यांना दोनदा वंचित ठेवणं. हे मी फार ठामपणे सांगते.

आता दुसरी बाजू, कारण पैसा घातला आणि काहीच झालं नाही अशी उदाहरणंही भरपूर आहेत. पेरू देशात सरकारने खेड्यांतल्या शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. केनियात सरकारी पाठ्यपुस्तकं फुकट दिली. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण बाकीच्यांना ती इंग्रजी पुस्तकं वाचताच येत नव्हती. इंडोनेशियाने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट केला. शिक्षकांचं समाधान वाढलं, त्यांची पैशांची ओढाताण कमी झाली, मुलांचं शिकणं होतं तिथेच राहिलं.

तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे. तिथे काही शाळांना साहित्यासाठी जादा अनुदान दिलं गेलं. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी अनुदान तेवढंच, पण वाढ मात्र थांबली. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की शाळेतून वह्या-पेन मिळणार हे कळल्यावर पालकांनी घरचा तो खर्च कमी केला होता. यात पालकांचं काही चुकलं नाही. ज्या घरात महिन्याचा हिशोब दुधाच्या बिलावर चालतो, तिथे वाचलेले शे-दोनशे दुसरीकडे लागतातच. यातून तुम्ही एवढं घ्या, की पालक एरवी स्वतः विकत घेतात ती वस्तू देणगीतून वाटू नका. दप्तरं नकोत, वह्या नकोत, कंपास नको. वाटपाच्या कार्यक्रमाचा फोटो चांगला येतो, पण घरचा खर्च शाळेवर ढकलण्यापलीकडे त्यातून काही घडत नाही. कोणत्याही पालकाला एकट्याला विकत घेता येणार नाही, अशाच गोष्टीवर हा पैसा घाला.

पॅनेलबद्दल. मी गेल्या वर्षी एका शाळेत गेले होते, शाळेचं नाव सांगत नाही. तिथे पॅनेलवर शिवून घेतलेली निळी खोळ होती आणि रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात. माझ्यासाठी म्हणून ते सुरू केलं. मुलांनी कवितेचा व्हिडिओ लावला आणि काय सुंदर चालीत म्हटली! मग मी तिसरीतल्या एका मुलीला तीच कविता पाठ्यपुस्तकात काढून दिली आणि म्हटलं, आता तू म्हणशील त्या शब्दावर बोट ठेव. कविता तोंडातून पुढे गेली आणि बोट पहिल्या ओळीवरच राहिलं. पुढचा शब्द कुठे संपतो हे तिला दिसत नव्हतं. त्या वर्गात पॅनेल होतं, तरीही त्या मुलीशेजारी बसून ते बोट पुढे सरकवणारं कुणी नव्हतं. यंत्राला माझा विरोध नाही. वडोदऱ्यात मुलांना त्यांच्या पातळीची गणितं संगणकावर सोडवायला दिली होती, त्याचा चांगला फायदा झाला होता. पण तिथे प्रत्येक मूल स्वतः हात चालवत होतं. भिंतीवरच्या पडद्याकडे बघत बसणं हा वेगळा प्रकार आहे.

मग पैसा लावायचा कुठे? मूल जिथे अडलं आहे तिथे. आपल्या कोल्हापुरात तर हे शतकापूर्वीच करून दाखवलेलं आहे. शहरात शाळा होती, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला जागा नव्हती आणि दोन वेळचं जेवण नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला मदत केली: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अडचण निवाऱ्याची होती, म्हणून पैसा निवाऱ्यावर गेला. मग खेड्यात शाळाच नाही किंवा पालक पाठवत नाहीत ही अडचण समोर आली, तेव्हा १९१७ च्या हुकुमाने संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसला. तुमच्या गावात आज शाळा आहे, खिचडी शिजते, गणवेश मिळतो, मुलं येतातही. अडचण पुढे सरकली आहे. मुलं वर्गात बसलेली आहेत आणि त्यांना वाचता येत नाही.

ही एकट्या तुमच्या गावाची गोष्ट नाही, हेही सभेत सांगा, म्हणजे शिक्षकांना आपल्यावर ठपका ठेवला असं वाटणार नाही. 'असर' ही ग्रामीण भागातली पाहणी घरोघरी जाऊन होते. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना आला नाही. या मुलांच्या वह्या बघितल्या तर कळायचंही नाही. फळ्यावरचं वळणदार अक्षरात उतरवून घेतलेलं असतं, खाली लाल शाईची बरोबरची खूण आणि सही असते. त्याच मुलाला त्याचीच वही वाचायला सांगितली की ते मान खाली घालतं. फळ्यावरची चित्रं उतरवावीत तशी त्याने अक्षरं उतरवलेली असतात.

यावर काय चालतं, याचा चांगला पुरावा आपल्या मुंबईतूनच आलेला आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी म्हणून कार्यक्रम चालवला होता. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गातून वेगळं काढायचं आणि त्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने त्यांना अक्षरओळख, शब्द, बेरीज-वजाबाकी एवढंच शिकवायचं. मुलींना मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होतं, आणि तयारीसाठी आठवड्या-दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली, दुसऱ्या वर्षी ती पहिल्यापेक्षा जास्त होती, आणि ती मुख्यतः तळातल्या मुलांत होती. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणून एका वर्षाचा उत्साह पुरत नाही, दोन-तीन वर्षांची तरतूद हातात लागते. ती तुमच्याकडे आहे, आणि हीच तुमच्या ६ लाख ४० हजारांची खरी किंमत.

तुमच्या गावात डीएड होऊन घरी बसलेल्या, बारावी-बीए झालेल्या मुली किंवा सुना असतील. त्यांतल्या दोघी निवडा. मानधन महिना ६,००० धरलं, तर दहा महिन्यांचे दोघींचे १ लाख २० हजार होतात. दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. घरी नेता येतील अशी गोष्टींची छोटी पुस्तकं, चाळीस हजारांची. कपाटात ठेवायची नव्हेत. फाटली तर फाटू द्या, फाटलेलं पुस्तक वाचलं गेलेलं असतं. शब्दपट्ट्या, अंककार्डं, छपाई आणि त्या दोघींचं प्रशिक्षण याला २५ हजार. चष्म्यांसाठी १५ हजार, त्याचं पुढे सांगते. हे सगळं मिळून ३ लाख २० हजार, बरोबर निम्मे. उरलेले निम्मे बँकेत मुदत ठेवीत घाला, तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी.

काम कसं चालवायचं ते महत्त्वाचं आहे. रोज दीड तास, शाळेच्या वेळेतच. शाळा सुटल्यावर ठेवलंत तर ज्यांना गरज आहे तीच पोरं वैरणीला किंवा वाडं आणायला गेलेली असतील. त्या दीड तासात तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवायची: अक्षरं ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, उतारा वाचणारे तिसरीकडे. एक गट शिक्षकांनी स्वतः घ्यायचा, आणि जमलं तर सगळ्यात खालचा. "मागे पडलेली पोरं ताईंकडे, हुशार पोरं सरांकडे" अशी वाटणी झाली की त्या मुलांवर शिक्का बसतो. दर महिन्याला पुन्हा तपासायचं आणि जो पुढे गेला त्याला लगेच वरच्या गटात न्यायचं. मुख्याध्यापकांना हे आधी एकटं भेटून सांगा, थेट सभेत नको. त्यांच्यावर कागदपत्रांचं, ऑनलाइन माहितीचं ओझं किती असतं हे मी जवळून पाहिलं आहे. त्यांना अंधारात ठेवून काढलेली कुठलीही योजना जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीत संपते.

त्यांच्या शिष्यवृत्तीच्या आग्रहाचं काय करायचं? आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी शाळा भरवून, पदरमोड करून मुलं गुणवत्ता यादीत आणली आहेत. पण गावाची देणगी त्यावर घालू नका. ती चार-पाच मुलं शिक्षकांच्या मेहनतीवर आणि घरच्यांच्या पाठबळावर पुढे जातील. नाव त्यांचं होईल, आणि वाचता न येणारं पोर त्या नावाच्या फलकाखाली बसून सातवी पास होऊन बाहेर पडेल.

चष्म्यांचं सांगते म्हटलं होतं. तुमच्या मुख्याध्यापकांना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत शेवटचं कधी आलं होतं आणि डोळ्यांचा दोष किती मुलांत निघाला होता. मग त्या यादीतल्या किती मुलांच्या डोळ्यांवर आज चष्मा आहे ते स्वतः मोजा. बहुतेक ठिकाणी तपासणी होते आणि चिठ्ठी दप्तरात राहते, कारण कोल्हापूरला घेऊन जायला बापाचा खाडा पडतो. फळा न दिसणारं मूल मठ्ठ ठरतं, मग मागे बसतं, मग त्याला आणखी दिसत नाही. एका मुलाच्या चष्म्याला जो खर्च येतो तो एका पॅनेलच्या तुलनेत काहीच नाही. वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला, जंतनाशक गोळ्यांचा दिवस असतो. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांना नंतर गोळी मिळते का, तेही बघा. केनियातल्या एका गाजलेल्या प्रयोगात जंतांच्या औषधाने शाळेतली गैरहजेरी पाव हिश्श्याने कमी झाली होती. हजेरीचं म्हणाल, तर गळीत हंगाम सुरू झाल्यावर पट आणि हजेरी यांत किती अंतर पडतं ते हजेरीपत्रकातून काढा. तुमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येत असतील, तर त्यांच्या खोपटांतली मुलंही तुमच्याच शाळेची आहेत. शिक्षण हक्क कायद्याने त्यांना कधीही, कागद नसले तरी, दाखल करून घ्यावं लागतं. त्या दोघी ताईंपैकी एकीने हंगामात ही मुलं शोधून आणली, तर त्याहून मोठं काम नाही.

आता सरकारने द्यायचं ते सरकारकडूनच घ्या. कोल्हापूर जिल्ह्याचेच, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. योगायोगाने या आयोगाचा अहवालही, कोलमनच्या अहवालासारखा, १९६६ चाच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असं त्यात म्हटलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहावा लागला, कारण तोवर तो गाठलेलाच नव्हता. ही तूट गावोगावच्या देणग्यांनी भरून काढायची सवय लागली, तर मुंबईकर मंडळ असलेल्या गावाची शाळा चालेल आणि नसलेल्या वाडीची बसेल. शैक्षणिक उठाव, म्हणजे शाळेसाठी लोकवर्गणी, आपल्याकडे कौतुकाने केला जातो, पण त्याची ही बाजू विसरू नका.

म्हणून रिकामं पद देणगीतून भरू नका. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण आहे. संचमान्यतेची, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत त्या आदेशाची, प्रत मागा, समितीचा ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या. दर महिन्याला पुन्हा द्या. तुमच्या दोन ताई मदतनीस आहेत, शिक्षक नव्हेत, हे त्या ठरावात स्पष्ट लिहा. नाहीतर गावाने सोय केली म्हणून पद आणखी दोन वर्षं तसंच राहील. शंभरच्या वर पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ५० हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असतं, त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. यंदा किती आलं, कशावर गेलं, हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्या चहा-बिस्किटाला नव्हे. शाळा विकास आराखडा तयार करणं हेही तुमच्याच समितीचं काम, आणि शासनाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा. देणगीचे पैसे कुणाच्याही खाजगी खात्यात राहू देऊ नका. समितीच्या खात्यात भरा, प्रत्येकाला पावती द्या.

सरपंचांना दुखवायचं कारण नाही. कंपाउंड लागतंच, रात्री शाळेच्या पटांगणात काय चालतं ते सगळ्या गावांना माहीत आहे. पण संरक्षक भिंत रोजगार हमीच्या अभिसरणातून, म्हणजे त्या योजनेचा निधी शाळेच्या कामाला जोडून, होऊ शकते आणि किरकोळ दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून. तो पाठपुरावा सरपंचांनीच करायचा, आणि झाला की त्याचं श्रेय मनापासून त्यांना द्यायचं. देणगीदारांची नावं शाळेच्या व्हरांड्यात एका पाटीवर लिहा, आणि त्याच पाटीच्या दुसऱ्या बाजूला दर तिमाहीला खडूने लिहा: इतकी मुलं, त्यातली इतकी सलग उतारा वाचतात. पैसे पाठवणारा माणूस गावी यात्रेला आला की आधी तिथेच जाऊन उभा राहील.

ग्रामसभेत काय बोलायचं याची भीती वाटते आहे तुम्हाला. बोलण्यापेक्षा आकडा घेऊन जा. सभेच्या आधी दोन दिवस मुख्याध्यापकांच्या संमतीने दुसरी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्या. चार पायऱ्या: अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. चुकलं तर रागवायचं नाही, दुसरी संधी द्यायची. नावं कुठेही वाचून दाखवू नका, फक्त इयत्तेप्रमाणे संख्या वाचा. गुरुजींनाही या कामात बोलवा, तपासायला. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांना मूल वाचताना ऐकायची सवय आहे. चौथ्या-पाचव्या मुलानंतर ते स्वतःच तुमच्या बाजूने बोलतील, असं मला वाटतं.

लेकीबद्दल. नुसत्या इंग्रजी पाटीसाठी तिला काढू नका. आंध्रात सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेत जायला फीची सोय दिली होती. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेत राहिलेल्यांइतकीच होती, हिंदीत मात्र पुढे होती. एक गोष्ट त्या शाळांच्या बाजूने सांगायला हवी: त्यांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशही नव्हता. पण तुम्ही भरणार असलेल्या फीच्या बदल्यात लेकीचं वाचन आणि गणित पुढे जाईल का, याचं उत्तर त्या शाळेच्या इमारतीत मिळणार नाही. जाऊबाईंच्या मुलाला शेजारी बसवा आणि त्याला त्याच्या पुस्तकातलं पान वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला सांगा. त्याला तो सांगता आला तर चांगलंच आहे, शाळा काम करते आहे. नाही आला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. दुसरा मुद्दा जास्त व्यवहाराचा आहे. तुमच्यासारख्या बोलणाऱ्या आया आपली मुलं काढून घेतात तेव्हा शाळेत मागे राहतात ती ज्यांच्यासाठी कुणी बोलत नाही ती मुलं. पण हा भार मी तुमच्या लेकीवर टाकणार नाही. तिला एक वर्ष द्या. पुढच्या मार्चमध्ये तीच वाचनाची तपासणी पुन्हा करा. तिच्या वर्गातल्या सहा-सातांपैकी निम्मे तरी गोष्टीच्या पायरीवर आलेले नसले आणि रिकामं पद तसंच असलं, तर सहावीला तिला कुठे घालायचं याचा विचार निःसंकोच करा.

तपासणीचे आकडे आणि ठरावाचा मसुदा मला पाठवा. ठरावाची भाषा सभेपूर्वी बघून देते.